ऑनलाइन छळाविरुद्ध कायदेशीर संरक्षण (ग्रामीण विदर्भ)

मोबाइल वा समाजमाध्यमांवरून स्त्रीचा पाठलाग, धमक्या, बनावट खाते, खासगी किंवा फेरफार केलेले फोटो पसरवणे, याविरुद्धची तरतूद मुख्यतः दोन कायद्यांत आहे. भारतीय न्याय संहितेचे (१ जुलै २०२४ पासून लागू) कलम ७८ पाठलागाचे. नको म्हटल्यावरही मेसेज करत राहणे त्यातच येते. चोरून केलेल्या चित्रणाला कलम ७७ लागते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये बनावट खात्यासाठी ६६-सी व ६६-डी, फोटो-व्हिडिओसाठी ६६-ई, ६७ व ६७-ए आहेत. मुलगी १८ वर्षांखालील असेल तर पोक्सोही (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा).

गावाकडे प्रकरण कलमावर क्वचित अडते, पुराव्यावर मात्र हमखास. घाबरून पोरगी चॅट डिलीट करते, नाहीतर घरचे तिचा फोनच काढून घेतात. नंबर सेव्ह असेल तर व्हॉट्सॲपच्या स्क्रीनशॉटमध्ये नुसते नाव येते. म्हणून संपर्काची माहिती उघडून नंबरचाही स्क्रीनशॉट घ्यावा. इन्स्टाग्रामवर नाव केव्हाही बदलता येते, तेव्हा प्रोफाइलची लिंक कॉपी करून तारीख-वेळेसह वहीत उतरवावी. ब्लॉक आणि रिपोर्ट त्यानंतर. रिपोर्ट करताना चॅटही पुसली जाऊ शकते. फोन विकू नये, फॉरमॅट करू नये: प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे) प्रमाणपत्र लागते आणि मूळ फोन तपासला जातो.

सायबर पोलीस ठाणे जिल्ह्याच्या गावी असते. मेळघाटातल्या धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या घरात, म्हणजे एका फेरीत दिवसाची मजुरी बुडाली. पण तिथे जायलाच हवे असे नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीचा कायदा) कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असो, जवळच्या ठाण्याने फिर्याद घ्यायची. वरील कलम ७७-७८ च्या बाबतीत ती महिला अधिकाऱ्याने नोंदवायची आणि प्रत फुकट द्यायची. ‘हे सायबरचं काम, तिकडे जा’ हे उत्तर कायद्यात बसत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखालचा तपास निरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारीच करतो. लहान ठाण्याचा ठाणेदार सहायक निरीक्षक असला तर तपास वर जातो, नोंद थांबत नाही. नकार मिळाल्यास पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवावे.

राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर घरूनही तक्रार करता येते, पण ती आपोआप एफआयआर होत नाही. १९३० हा क्रमांक मुख्यतः पैसे गेल्यावरचा. व्हिडिओ कॉल रेकॉर्ड करून पैसे उकळले असतील तर लगेच तोच लावावा. खासगी फोटो काढून टाकण्यासाठी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे वेगळी मागणी करावी लागते. २०२१ च्या नियमांनी त्यासाठी २४ तासांची मुदत घातली होती, फेब्रुवारी २०२६ पासून ती दोन तासांवर आली.

तंटामुक्ती समितीपुढे प्रकरण नेणे हा नेहमीचा घोळ. चारचौघांत पोरगा व्हिडिओ डिलीट करतो, माफी मागतो. पुरावा गेला, दुसरी प्रत कुठे आहे कोणाला ठाऊक. शिवाय स्त्रीविरुद्ध केलेल्या या गुन्ह्यांत माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७७-ए नुसार न्यायालयालाही तडजोड मान्य करता येत नाही.

मदतीसाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आणि जिल्ह्याचे सखी केंद्र (पीडित स्त्रियांसाठीचे सरकारी मदत केंद्र). वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून (१५१००) मोफत मिळतो. स्त्रीला उत्पन्नाचा दाखला लागत नाही.