एकाने घर सोडले म्हणून भाडे निम्मे होत नाही
पुण्या-मुंबईत एकत्र भाड्याने राहणारे दोघे वेगळे झाले, की निघून जाणाऱ्याची जबाबदारी संपते आणि राहणाऱ्याने निम्मेच भाडे द्यायचे असते, हा समज चुकीचा आहे. करारनाम्यावर दोघांच्या सह्या असतील आणि त्यात वेगळे काही ठरलेले नसेल, तर भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ४३ नुसार घरमालक संपूर्ण रक्कम कोणाही एकाकडून मागू शकतो. भरणाऱ्याने दुसऱ्याचा वाटा त्याच्याकडून वसूल करावा, त्या भांडणाशी मालकाला काही देणेघेणे नसते. खरी सुटका हवी असल्यास तिघांच्या संमतीने जुना करार रद्द करून राहणाऱ्याच्या नावे नवा करार करावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग मुदत अकरा महिन्यांची का असेना.