कोर्लईच्या चर्चला जाताना
(अलिबाग–मुरुड सहलीसाठी आमची गाडी घेणाऱ्या पाहुण्यांसाठी)

मुरुडच्या वाटेवर बहुतेक मंडळी कोर्लईत गाडी थांबवायला सांगतात ती किल्ल्यासाठी. किल्ला जरूर चढा. पण त्याच्या पायथ्याच्या गावात माउंट कार्मेल मातेचं चर्च आहे. तिथेही अर्धा तास काढा, असा आमचा आग्रह आहे. तेवढ्या वेळाचं वेटिंग आम्ही लावत नाही.

त्याआधी रेवदंड्याला थांबू. तिथल्या कोटात, नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये, पोर्तुगीजांच्या मोठमोठ्या चर्चांचे अवशेष उभे आहेत. एका चर्चचा उंच मनोरा अजून टिकून आहे, त्याला गावकरी सातखणी म्हणतात. एके काळचं हे श्रीमंत चौल. 1740 मध्ये ते मराठ्यांकडे आलं आणि पोर्तुगीज निघून गेले. ज्यांना जायला दुसरी जागा नव्हती अशी गरीब ख्रिस्ती कुटुंबं मागे राहिली, त्यांचंच पुढे खाडीपलीकडे कोर्लई झालं. साळावचा पूल ओलांडताना हे मनात असू द्या. अलीकडच्या दगडी चर्चांत आज कुणी प्रार्थना करत नाही, पलीकडचं साधं चर्च मात्र नांदतं आहे.

इथे संगमरवर किंवा सोन्याची नक्षी शोधू नका. हे गावाचं चर्च आहे. बारसं, लग्न, मरण, सगळं इथूनच जातं.

या गावाचं दुसरं धन म्हणजे त्यांची बोली. ते तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आपली भाषा’. बोलणारी माणसं हजाराच्या आसपास. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्य आपल्या वळणाचं, क्रियापद शेवटी येणारं. पाव, बटाटा, चावी, पगार हे शब्द आपणही पोर्तुगीजांकडूनच घेतले. इथे शब्द त्यांचे राहिले आणि चाल मराठीची आली. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा आम्ही थक्क झालो होतो, अजूनही होतो. चर्चमध्ये पूर्वी पोर्तुगीज चालायची, आता मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, मराठीत होते. त्यामुळे रविवारी गेलात तर शुभवर्तमानाचं, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्राचं, वाचन तुम्हालाही समजेल.

एक विनंती मनापासून. भेटेल त्याला “जरा पोर्तुगीज बोलून दाखवा” असं म्हणू नका. मोबाइल तोंडासमोर धरून तर नकोच. ही त्यांची घरातली भाषा आहे. ओट्यावर कुणी आजी बसलेल्या दिसल्या तर आधी नमस्कार करा, मासळीचं, पावसाचं बोला. गप्पा रंगल्या की त्या आपणहून दोन शब्द सांगतील.

आत जाताना दाराशी चपला काढलेल्या दिसल्या तर आपल्याही तिथेच काढा. दाराजवळच्या भांड्यातलं पाणी पवित्र मानतात, त्यात मुलांना हात घालू देऊ नका. वेदीच्या पायऱ्या चढायच्या नाहीत. मिस्सा चालू असेल तर मागच्या बाकावर बसा. सगळे उभे राहिले की आपणही उभं राहावं, गुडघे टेकण्याची सक्ती नाही. ख्रिस्तप्रसाद घ्यायला रांग लागते तेव्हा मात्र जागेवरच थांबा. तो कॅथलिक भाविकांसाठी असतो आणि न घेतल्याने कुणाचा अपमान होत नाही. फोटो मिस्सा संपल्यावर, तेही फादरांना किंवा तिथे असलेल्या कुणालाही विचारून. मेणबत्ती लावायची तर खुशाल लावा. दानपेटीत काही टाकायचं की नाही ही ज्याची त्याची इच्छा.

दार बंद असलं तर ठोठावत बसू नका. आमचा ड्रायव्हर शेजारी विचारेल. जमलं तर उघडून दाखवतील, नाही तर बाहेरून हात जोडून पुढे निघू.

कार्मेल मातेचा सण 16 जुलैला येतो, ऐन पावसात. त्या दिवशी चर्च गावाचं असतं, तेव्हा सणाला गर्दीची सहल आम्ही नेत नाही. दोघं-चौघं असाल आणि खरोखर प्रार्थनेसाठी यायचं असेल तर सांगा, पहाटे निघू.

बुकिंग करताना रविवार हवा की इतर वार, तेवढं कळवा. मिस्सेची वेळ आम्ही आदल्या दिवशी विचारून घेऊ आणि त्याप्रमाणे गाडी सोडू. किल्ल्याला ऊन उतरल्यावर जायचं की सकाळीच, तेही त्यावरच ठरेल. पाण्याची बाटली आणि टोपी सोबत असू द्या.