सबब सांगितली की बरं का वाटतं?

साखरपुड्याला यायचा आग्रह करणारा फोन येतो आणि छातीत धडधडू लागतं. "पोट बिघडलंय हो, नाही जमणार," असं सांगून फोन ठेवला की जरा वेळाने धडधड ओसरते. घरचे याला आळस म्हणतात, थापेबाजी म्हणतात. मला ते पटत नाही. चिंतेने ग्रासलेल्या माणसाची सबब ही बहुतेकदा अंगवळणी पडलेली सवय असते आणि तिला खतपाणी मिळतं ते फोन ठेवल्यावर हायसं वाटण्यातूनच. ज्या कृतीने त्रास टळतो, ती मेंदू पुन्हा करायला लावतो.

रिचर्ड सॉलोमन आणि लायमन विन या संशोधकांचा कुत्र्यांवरचा, १९५३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग इथे आठवतो. (आज तो कुणी करू देणार नाही, आणि ते बरंच आहे.) पेटीचे दोन कप्पे, मध्ये कुत्र्याला ओलांडता येईल असा अडसर. इशारा झाला की दहा सेकंदांनी विजेचा झटका. थोड्याच फेऱ्यांत कुत्री इशारा होताच पलीकडे उडी मारू लागली. पुढे झटका बंद केला, तरी उड्या चालूच. काहींच्या तर शेकडो. झटका उरलेला नाही हे कळायला जागेवर थांबावं लागतं, आणि कुत्री तर थांबतच नव्हती.

काही सबबी याहून चलाख असतात. १९७८ साली स्टीव्हन बर्गलास आणि एडवर्ड जोन्स या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना न सुटणारे प्रश्न दिले आणि वर "छान जमलं" असं सांगितलं. मग पुढच्या चाचणीआधी औषध निवडायला लावलं: एक बुद्धीला चालना देणारं, एक ती मंद करणारं. त्यांतल्या पुरुषांचा कल मंद करणाऱ्या औषधाकडे होता. नापास झालो तर दोष औषधाचा! नाचण्याआधीच अंगण वाकडं करून ठेवायचं. परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करणारे पुष्कळ जण हेच करत असतात.

यावर उपाय म्हणजे उडी न मारता थांबणं, पण बेताबेताने. मानसोपचारात याला एक्सपोजर म्हणतात. मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिस १९ वर्षांचे असताना मुलींशी बोलायला घाबरत. त्यांच्याच सांगण्यानुसार, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या बागेत महिनाभर जाऊन ते बाकावरच्या शंभर अनोळखी मुलींशी बोलले. एकीने भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही. भीती मात्र पळाली.

इतकं धाडस लागत नाही. फोनवर लगेच नकार न देता "संध्याकाळी कळवते" म्हणणं, ही पहिली पायरी. जायचं ठरलं, तर काय होईल असं वाटतंय ते आधी कागदावर लिहा आणि आल्यावर ताडून बघा. तिथे कोपऱ्यात मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलात, तर ती छोटी उडीच झाली. घाबरगुंडीने नोकरी-शिक्षणच अडत असेल, तर एकट्याने झुंजू नका. फोनवरून मानसिक आरोग्यासाठी मदत करणाऱ्या सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, आणि तिथे मराठीतही बोलता येतं.