पार्श्वभूमी : संसदेच्या दारातले नऊ जण आणि परत केलेली पदके

दर २१ ऑक्टोबरला पाषाण रस्त्यावरच्या पोलीस संशोधन केंद्रात पुणे पोलीस स्मृतिस्तंभाला मानवंदना देतात. या दिवसामागे १९५९ ची लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्जची घटना आहे. तिथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात दहा पोलीस धारातीर्थी पडले. प्रथेप्रमाणे १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट या वर्षभरातल्या हुतात्म्यांची नावे त्या दिवशी वाचली जातात. पुढच्या वर्षी यादी बदलते.

संसदेवरच्या १३ डिसेंबर २००१ च्या हल्ल्याचे स्मरण म्हणूनच वेगळे करावे लागते, आणि ते पुण्यातही व्हायला हवे. त्या दिवशी गेलेल्या नऊ जणांत दिल्ली पोलिसांचे पाच होते, केंद्रीय राखीव पोलीस दलाची एक महिला शिपाई होती, संसदेच्या स्वतःच्या सुरक्षा सेवेतले दोघे होते आणि एक माळी. त्या महिला शिपायाकडे शस्त्रही नव्हते. ओरडून तिने इतरांना सावध केले. शेवटचे तिघे पोलीस नव्हते, त्यामुळे पोलिसांच्या यादीत ते बसतच नाहीत. ही उणीव मला फार खटकते.

सरकारने तिघांना अशोक चक्र आणि दिल्ली पोलिसांच्या पाच जणांना कीर्ती चक्र दिले. वाद मात्र पुढे पेटला. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २००५ मध्ये एका दोषीची फाशी कायम केली. त्यासाठी २० ऑक्टोबर २००६ ही तारीख ठरली होती, म्हणजे पोलीस स्मृतिदिनाच्या आदल्या दिवसाची! दयेच्या अर्जामुळे ती टळली. त्याच वर्षी १३ डिसेंबरला हुतात्म्यांच्या कुटुंबीयांनी पदके राष्ट्रपतींकडे परत केली. एक दहशतवादविरोधी संघटना सोबत असल्याने यात राजकारण आहे, अशी टीका झाली. खटला न्याय्य झाला नाही, असेही काही जण आजतागायत म्हणतात. त्या आक्षेपाची चर्चा जरूर व्हावी. पण घरचा माणूस गमावलेल्यांना पदक परत करावेसे वाटले, याची जबाबदारी त्यांच्यावर टाकता येत नाही. निर्णय अडला होता तो सरकारदरबारी. अर्ज फेटाळला गेला ३ फेब्रुवारी २०१३ ला आणि सहा दिवसांत फाशी झाली.

२०१८ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय पोलीस स्मारक उभे राहिले. २०२३ मध्ये संसद नव्या इमारतीत गेली. त्याच वर्षी, हल्ल्याच्या स्मृतिदिनीच, दोघांनी प्रेक्षक गॅलरीतून सभागृहात उडी मारली. २०२४ मध्ये संसदेची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवली गेली. श्रद्धांजली मात्र अजून जुन्या इमारतीच्या, म्हणजे संविधान सदनाच्या आवारातच वाहिली जाते, आणि तिथे नऊही जणांना एकत्र वाहिली जाते.