सर्व्हर स्लो झालाय? रीस्टार्टआधी दोन मिनिटं द्या
(आमच्या लिनक्स सर्व्हर देखभालीच्या ग्राहकांसाठी)

‘सर्व्हर रखडतोय, डिस्क बदलून द्या’ असा फोन आला की आम्ही आधी आयओस्टॅटचं, म्हणजे डिस्कवर किती काम चाललंय ते दाखवणाऱ्या कमांडचं, आउटपुट मागतो. बरेच जण नुसती कमांड एकदा चालवून जे येईल ते पाठवतात. त्यातून काहीच कळत नाही, पुन्हा मागवावं लागतं आणि अर्धा दिवस तिथेच जातो.

आयओस्टॅटचा पहिला अहवाल म्हणजे सर्व्हर चालू झाल्यापासूनची सरासरी. सर्व्हर ४० दिवस चालू असेल, तर त्यात रात्रीचे आणि रविवारचे निवांत तासही मिसळलेले असतात. आज ११ वाजता काउंटरवर रांग लागलेली असताना डिस्क वीस मिनिटं अडकली होती, हे त्या सरासरीत दिसणारच नाही.

म्हणून सर्व्हर रखडत असतानाच कमांड चालवा. आयओस्टॅटला डॅश एक्स, डॅश टी आणि डॅश वाय हे पर्याय द्या आणि पुढे ५ व २४ हे आकडे लिहा. दर ५ सेकंदांनी एक असे २४ अहवाल येतील. वायमुळे सुरुवातीची सरासरी गळते, टीमुळे प्रत्येक अहवालावर वेळ पडते. आउटपुट टेक्स्ट फाइलमध्ये घेऊन मेल करा; मोबाइलवर काढलेल्या स्क्रीनच्या फोटोत रकाने कापले जातात.

आणि कृपया त्याआधी रीस्टार्ट करू नका. मोजणी शून्यावर येते, मेमरीतला कॅश (डिस्कवरून वाचून हाताशी ठेवलेला डेटा) रिकामा होतो आणि सुरुवातीला डिस्कवरचं वाचन उलट वाढतं. काम तात्पुरतं सुरळीत झालं तरी कारण सापडत नाही, आणि पुढच्या आठवड्यात तोच फोन येतो.

युटिलचा रकाना १०० टक्के दिसला की लोक घाबरतात. तो रकाना एवढंच सांगतो की त्या वेळात डिस्ककडे सतत काही ना काही काम होतं. फिरणारी एकच डिस्क असेल तर काळजी रास्त आहे. एसएसडी आणि रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून चालवण्याची रचना) मात्र एका वेळी अनेक कामं उरकतात, तिथे १०० म्हणजे क्षमता संपली असं नाही. आम्ही पाहतो ते आर-अवेट आणि डब्ल्यू-अवेट, म्हणजे एका वाचनाला व एका लेखनाला रांगेतल्या वेळेसह लागलेले मिलिसेकंद. ७२०० आरपीएमच्या (मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या) डिस्कला एका फेरीलाच ८.३ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे तिथे १०-१५ आले तर बिघाड समजू नये. एसएसडीवर तेच आकडे सतत येत असतील तर कारण शोधायलाच हवं.

वाचन ठीक आणि लेखन एकदम २ वरून ८० मिलिसेकंदांवर गेलं, तर आम्ही आधी रेड कार्डाची, म्हणजे या डिस्क चालवणाऱ्या कार्डाची, बॅटरी तपासतो. ती उतरली की बरीच कार्डं कॅशमध्ये लिहिणं थांबवून थेट डिस्कवर लिहू लागतात. डिस्क धडधाकट असते, बदलायची असते ती फक्त बॅटरी. कधी भर कामाच्या वेळेत लावलेला बॅकअपच निघतो. कोणता प्रोग्राम डिस्क वापरतोय हे दाखवणाऱ्या पिडस्टॅट डॅश डी या कमांडमध्ये त्याचं नाव सरळ दिसतं. फोनवरच नव्या डिस्कचं कोटेशन आम्ही देत नाही ते यासाठीच. उशीर वाटतो, पण तुमचा खर्च वाचतो.

रात्री दोनला रखडलेल्या सर्व्हरसमोर कोणी बसलेलं नसतं. त्यासाठी सार नावाची कमांड आहे. या सगळ्या कमांड ज्यात येतात त्या सिसस्टॅट पॅकेजची नोंदणी सुरू असली की साधारण दर दहा मिनिटांनी आकडे साठतात, आणि सार डॅश डीला डॅश एफने त्या दिवसाची फाइल दिली की मागचे दिवसही पाहता येतात. मात्र उबंटू या लिनक्स प्रकाराच्या अनेक आवृत्त्यांत पॅकेज टाकल्यावर ही नोंदणी वेगळी सुरू करावी लागते. वार्षिक करारातल्या ग्राहकांकडे आम्ही ती पहिल्याच भेटीत सुरू करतो. करार नसला तरी सांगा, एका भेटीत लावून देऊ. त्यासाठी सर्व्हर बंद करावा लागत नाही.