टर्बो मॅनिफोल्डमधली हवा कॉम्प्युटरवर कशी आली

एक्झॉस्टच्या जोरावर हवा दाबून भरणाऱ्या कस्टम टर्बो इंजिनात पिस्टन गेला की बऱ्याचदा एकाच सिलिंडरचा जातो, बाकीचे तीन ठणठणीत. ईसीयूने, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने, पेट्रोल सगळ्यांना सारखंच दिलं पण हवा सारखी गेली नाही, मग ज्याच्यात जास्त शिरली तो लीन झाला, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, आणि नॉक, म्हणजे अवेळी होणाऱ्या स्फोटांचा मार, खाऊन बसला. सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या मॅनिफोल्डच्या सिम्युलेशनचा सगळा खटाटोप यासाठीच.

टर्बो तसा जुनाच, आल्फ्रेड ब्यूखीचं पेटंट १९०५ चं, पण रोजच्या कारमध्ये यायला १९६२ उजाडलं. कार्बोरेटरच्या काळात मॅनिफोल्ड बनवताना खरी डोकेदुखी पेट्रोलच्या थेंबांची असायची, हवा वळते पण थेंब वळत नाहीत, भिंतीला चिकटतात, त्यामुळे मोठा प्लेनम (हवेची मधली पेटी) आणि लांब रनर (तिथून प्रत्येक सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्या) मनासारखे करता येत नसत. १९६७ मध्ये बॉशचं डी-जेट्रॉनिक हे इलेक्ट्रॉनिक पेट्रोल इंजेक्शन आलं, इंजेक्टर थेट पोर्टजवळ, म्हणजे सिलिंडरच्या तोंडाशी, गेले, मॅनिफोल्ड कोरडा झाला आणि प्रश्न फक्त हवेचा उरला.

हवेच्या लाटांचं गणित आधी आलं. १९६० च्या दशकात रोलंड बेन्सन यांनी पाइपमधल्या दाबाच्या लाटा कॉम्प्युटरवर मोजायला सुरुवात केली, पुढचे वन-डी (पाइपची फक्त लांबी धरणारे) प्रोग्रॅम याच वाटेने गेले. रनर किती लांब हवा हे त्यातून छान कळतं, आणि बूस्ट, म्हणजे टर्बोचा वाढीव दाब, असला की लांबीचं ट्यूनिंग कशाला असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की आवाजाचा वेग तापमानावर ठरतो, दाबावर नाही, म्हणजे लाटा बूस्टमध्येही तशाच धावतात. पण वन-डीला पाइप म्हणजे नुसती रेघ, प्लेनममध्ये शिरलेला झोत समोरच्या भिंतीवर आपटून कुठे वळला ते त्याला दिसत नाही.

ते दिसायला थ्री-डी लागतं. त्याची समीकरणं नेव्हिए आणि स्टोक्स यांची, एकोणिसाव्या शतकातली, फक्त ती सुटत नव्हती. १९७२ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधून सुहास पाटणकर आणि ब्रायन स्पॉल्डिंग यांनी सिम्पल नावाची पद्धत मांडली, वेग आणि दाब एकमेकांशी जुळेपर्यंत फेऱ्या मारत राहायचं, बास. आपल्या पाटणकरांचं हे काम आजही ओपनफोम या प्रवाह मोजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये रोज चालतं याचं मला फार अप्रूप आहे. ओपनफोम २००४ मध्ये सगळ्यांना फुकट मिळालं आणि गॅरेजमधल्या माणसाच्याही हातात हे आलं.

फ्लो बेंच, म्हणजे इंजिनच्या भागातून हवा वाहवून मोजायचं यंत्र, त्याची सवय मात्र सोबत आली. बेंचवर बहुतेक वेळा २८ इंच पाण्याइतक्या दाबफरकावर हवा सलग वाहते, तसंच कॉम्प्युटरवर चारही रनर एकदम उघडे ठेवून सलग प्रवाह सोडतात आणि आकडे सारखे आले की खूश होतात. चालत्या इंजिनात १-३-४-२ अशी सिलिंडरांची पाळी असते, एक ओढत असतो तेव्हा दुसऱ्याचा व्हॉल्व्ह नुकता मिटलेला असतो आणि त्याची लाट प्लेनममध्ये परत येत असते. म्हणून आता आधी वन-डी चालवून प्रत्येक पोर्टचा क्षणाक्षणाचा दाब काढतात, तोच थ्री-डीला देतात, आणि पहिली काही सायकल सोडून नंतरची मोजतात.