अडगळीतला कॉम्प्युटर: लाईन देण्याआधी हे वाचा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

माळ्यावर, कापसाच्या खोलीत किंवा सोसायटीच्या गोदामात पाच-दहा वर्षं पडून राहिलेला कॉम्प्युटर पुन्हा सुरू करायचा विचार असेल, तर त्याला लगेच लाईन देऊ नका. ‘एकदा चालू तर करून पाहू’ म्हणून दाबलेल्या बटणानं होणारं नुकसान पडून राहण्याच्या नुकसानीपेक्षा मोठं असतं. मशीन दुरुस्त होतं, नाही झालं तर दुसरं मिळतं. त्यातली सभासदांची खतावणी, घरचे फोटो, लग्नपत्रिकांच्या फायली मात्र बहुतेक वेळा दुसरीकडे कुठंच नसतात. म्हणून आमच्याकडे क्रम ठरलेला आहे: आधी हार्ड डिस्क बाहेर, मग तिची प्रत, आणि मशीन सगळ्यात शेवटी.

झाकण उघडल्यावर

समोरून पाहिलं तर कॅबिनेटची डावी बाजू मागच्या दोन स्क्रूंवर निघते. आपल्या भागात आत रुई मिसळलेली धूळ, उंदराच्या लेंड्या आणि कुंभारमाशीची मातीची घरटी हमखास सापडतात. घरटी बहुधा एसएमपीएसच्या (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) जाळीत आणि प्रिंटर पोर्टच्या तोंडाशी असतात. ती ओली करू नका, काडीनं कोरडीच फोडा. धूळ काढायला मऊ ब्रश आणि हाताचा ब्लोअर पुरतो. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर नको, कारण त्याच्या टाकीतलं पाणी आणि तेल हवेबरोबर थेट बोर्डावर येतं. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. मोकाट फिरलेल्या पंख्याची बेअरिंग जाते आणि तो उलट बोर्डाकडे वीज ढकलू शकतो.

उंदराच्या मुतानं हिरवा पडलेला ट्रॅक (बोर्डावरची तांब्याची रेघ) दिसला तर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घ्या. सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं.

मग बॅटरी पाहा. ३८६ आणि ४८६ च्या बोर्डावर कीबोर्डच्या सॉकेटजवळ निळ्या किंवा हिरव्या आवरणाची, नळीच्या आकाराची ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी टाके मारून बसवलेली असते. ती कधी ना कधी फुटतेच, आणि आतला क्षार तांबं खात खात पुढं सरकतो. मशीन चालू करायचं असो वा नसो, ही बॅटरी आजच कापून काढा. जागेवर पांढरं व्हिनेगर लावून क्षार मारा, पाण्यानं पुसा, शेवटी अल्कोहोल. पेंटियमपासून पुढच्या बहुतेक बोर्डांवर सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा गोल सेल असतो, तो सहसा फुटत नाही. तो उतरला की मशीन ‘सीमॉस चेकसम एरर’ दाखवून एफ १ मागतं आणि तारीख बोर्ड बनला त्या वर्षाच्या आसपास जाऊन बसते. तारीख चुकली की इंटरनेटवरच्या साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून अडतात, कारण प्रमाणपत्राची मुदत घड्याळावरून मोजली जाते. ‘नेट चालत नाही’ म्हणून आणलेल्या मशीनमध्ये आम्ही पहिल्यांदा घड्याळच पाहतो.

प्रोसेसरच्या आजूबाजूला उभे कपॅसिटर असतात, डोक्यावर के किंवा अधिकच्या खुणेची खाच असलेले. डोकं सपाट असेल तर ठीक. फुगलेलं असेल किंवा बुडाशी तपकिरी चिकट दिसत असेल तर ते बदलावेच लागतात. साधारण १९९९ ते २००७ या काळातल्या बोर्डांमध्ये ही तक्रार जगभर आहे, कारण तेव्हा बाजारात सदोष इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर फार आले होते. बदलताना जुन्यावर छापलेल्या व्होल्टचे किंवा त्याहून जास्त, तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, १०५ अंशांचे आणि लो-ईएसआर (आतला विरोध कमी असलेले) असेच घ्या. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडचे ८५ अंशांचे साधे कपॅसिटर लावले की मशीन चालू होतं आणि पहिल्या उन्हाळ्यात पुन्हा टेबलावर येतं.

एसएमपीएस आणि सिरीज बल्ब

एसएमपीएसच्या मागं छोटा लाल खटका असेल तर तो २३० वर आहे ना, हे बघा. पोरं खेळता खेळता तो ११५ वर सरकवतात, आणि मग प्लग लावताच आवाज होतो. एसएमपीएस घरी उघडू नका. आत मेन्सची वीज ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी होऊन मोठ्या कपॅसिटरांत साठते आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तिथंच असते. वाळलेली पाल दोन टोकांवर आडवी पडलेली असणं ही आपल्याकडे नेहमीची गोष्ट आहे. ती आम्ही काढू.

पहिली लाईन सिरीज बल्बमधून द्यायची. गावातल्या कुठल्याही वायरमनकडे सिरीज बोर्ड असतो, त्यात वीज बल्बमधून जाऊन मग मशीनला मिळते. बल्ब १०० वॅटचा तारेचाच हवा, एलईडीचा उपयोग नाही. क्षणभर चमकून मंद झाला तर पुढं जा, पूर्ण उजेडानं पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. नंतर एसएमपीएस थेट लाईनवर घेऊन, बोर्डापासून सुटा ठेवून, हिरवी वायर काळीला जोडली की पंखा फिरतो. एखादा जुना सीडी ड्राइव्ह लोड म्हणून लावा, कारण रिकाम्या एसएमपीएसचे आकडे फसवे असतात. पिवळ्यावर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५ आणि नारंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट मिळाले पाहिजेत. त्याहून जुन्या एटी मशीनमध्ये पी ८ आणि पी ९ असे दोन सुटे कनेक्टर असतात. बसवताना दोन्हींच्या काळ्या वायरी मधोमध शेजारी आल्या पाहिजेत. उलटे बसले तर बोर्ड गेला, आणि त्यावर आमच्याकडेही इलाज नाही.

अर्थिंग

हा विषय लोक टाळतात, म्हणून जरा सविस्तर. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, याला ‘थोडा करंट मारते’ म्हणून सोडून देऊ नका. एसएमपीएसच्या फिल्टरमधले दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलच्या मधोमध पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल, किंवा तीन पिनचा प्लग दोन पिनच्या सॉकेटमध्ये कोंबला असेल, तर पत्र्यावर मेन्सच्या निम्मा दाब, म्हणजे सव्वाशे व्होल्टच्या आत-बाहेर, येऊन बसतो. करंट अगदी कमी असल्यानं माणसाला फारसा धोका नसतो. पण तसंच मशीन चालू ठेवून प्रिंटरची किंवा वजनकाट्याची केबल जोडली की तो दाब पोर्टच्या चिपमधून वाट काढतो. जळालेल्या प्रिंटर पोर्टचं आम्हाला दिसणारं नेहमीचं कारण हेच.

मल्टीमीटर असेल तर तपासणं सोपं आहे. फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ दोन्हीकडे सारखाच आकडा यावा, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत असावा. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा वाळतो, काळ्या जमिनीला भेगा पडल्या की आकडा बिघडतो. तेव्हा खड्ड्यात पाणी घाला. न्यूट्रललाच अर्थच्या पिनला जोडून देणारे वायरमन आहेत. न्यूट्रल तुटला तर पूर्ण २३० व्होल्ट पत्र्यावर येतात, त्यामुळं तसं करू देऊ नका. जुना प्रिंटर, सिरियल केबल, गोल पिनचा कीबोर्ड-माउस, यातलं काहीही लावताना दोन्ही बाजूंची मशीनं बंद हवीत. यूएसबीच्या सवयीनं इथं नुकसान होतं.

रब्बीत मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडतं. मीटर १८० च्या खाली गेला तर जुना एसएमपीएस धडपणे धरत नाही आणि मशीन लिहिता लिहिता बंद होतं. यूपीएस लावा, पण त्याची १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी कुलर नसलेल्या खोलीत फार टिकेल अशी आशा ठेवू नका. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. कुलरसमोरही मशीन ठेवू नका, ओल्या हवेनं स्लॉटचे संपर्क काळे पडतात.

डिस्क, फ्लॉपी, सीडी

हार्ड डिस्क काढून आणा किंवा मशीनसकट आणा, पण त्यावरून विंडोज सुरू करू नका. विंडोज सुरू होताना डिस्कवर शेकडो गोष्टी लिहिते. घरी प्रयत्न करायचा असेल तर आयडीई (जुन्या डिस्कची रुंद पट्टीच्या केबलची जोडणी) ते यूएसबी अडॅप्टर लागतो. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा सप्लाय हवा, नुसत्या यूएसबीवर ती फिरत नाही. जंपर (मागच्या पिनांवरची छोटी टोपी) मास्टरवर ठेवा, खुणा डिस्कच्या लेबलवरच असतात. नवीन कॉम्प्युटरनं ‘फॉर्मॅट करायची का?’ विचारलं तर नाही म्हणा. आजारी डिस्कवर विंडोजचं चेकडिस्क चालवू नका, ते दुरुस्तीच्या नावाखाली लिहितं. टक-टक असा ठरावीक आवाज आला तर तत्काळ बंद करा, हेड बिघडलेलं असू शकतं. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा उपाय अजूनही सांगितला जातो. बाहेर काढताच आत दव धरतं, तेव्हा तो करू नका.

आम्ही आधी डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रॅमनं संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, घेतो. ते चांगला भाग पहिल्यांदा उचलतं आणि अडणाऱ्या जागा शेवटी ठेवतं. ८० जीबीची निरोगी डिस्क यूएसबी २ वरून पाऊण तासात निघते. खराब असेल तर एक-दोन दिवसही लागतात, आणि तिथं घाई करून काही हाती लागत नाही.

साडेतीन इंची फ्लॉपी (१.४४ एमबी) घालण्याआधी पत्र्याचा सरकता भाग बाजूला करून तबकडी फिरवून पाहा. पांढुरके ठिपके म्हणजे बुरशी. ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये गेली तर हेड माखतं आणि मागून घातलेली चांगली फ्लॉपीही घासली जाते. कोपऱ्यातली खिडकी उघडी ठेवा, म्हणजे चुकून काही लिहिलं जाणार नाही. पाच पूर्णांक पावच्या मोठ्या फ्लॉपीत उलट असतं, तिथं खाच झाकली की लिहिणं बंद. बाजारात मिळणारा यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह मोठी फ्लॉपी वाचत नाही. सीडीचं म्हणाल तर छापील बाजूचा ओरखडा खालच्या बाजूच्या ओरखड्यापेक्षा वाईट, कारण चकाकी त्या बाजूला वार्निशच्या लगेच खाली असते.

उघडलेली फाईल वाचता येत नाही?

प्रत निघाली, फाईल उघडली, आणि समोर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. फाईल खराब नसते. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी, आकृती असे जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवत होते. फॉन्ट गेला की मागची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. म्हणून जुन्या मशीनमधलं विंडोजचं फॉन्ट्स फोल्डर आधी कॉपी करा, फायलींइतकंच ते मोलाचं आहे. युनिकोडमध्ये बदलून दिल्यावर रफार, ऱ्हस्व वेलांटी, ‘श्र’, ‘द्ध’ आणि अंक ही ठिकाणं डोळ्यांनी तपासावी लागतात. सातबारावरची किंवा सभासदांची नावं असतील तर ते काम तुमच्याच माणसानं करावं.

सोसायट्यांचे फॉक्सप्रो या जुन्या हिशेबी प्रोग्रॅममधले डीबीएफ तक्ते लिबरऑफिसमध्ये सरळ उघडतात, आकडे लगेच मिळतात. मराठी नावं जिस्टमधून (भारतीय भाषा टाईप करायची जुनी सोय) टाईप केलेली असतील तर ती मात्र वेगळी बदलावी लागतात. पेजमेकरच्या पत्रिका पेजमेकरमध्येच किंवा इनडिझाइन सीएस ६ पर्यंतच्या आवृत्तीत उघडतात.

जिनिंगचा काटा

डॉसवर चालणारं काट्याचं सॉफ्टवेअर ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाही. ३२ बिटचं मशीन टिकवा किंवा डॉसची नक्कल करणारा डॉसबॉक्स-एक्स हा प्रोग्रॅम लावा, त्यात प्रिंटर आणि सिरियल दोन्ही जोडता येतात. इंडिकेटरची (काट्याचं वजन दाखवणाऱ्या डब्याची) केबल साधी आहे: नऊ पिनांपैकी २, ३ आणि ५ एवढ्याच बहुधा लागतात. यूएसबी ते सिरियल केबल लावल्यावर विंडोज तिला कॉम ११ वगैरे नंबर देते आणि जुनं सॉफ्टवेअर फक्त कॉम १ ते ४ ओळखतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमधून नंबर बदला. वजनाऐवजी वेडीवाकडी चिन्हं आली तर बॉड रेट (माहिती पाठवण्याचा वेग) जुळत नाही.

पावतीवर अक्षरांमधून आडवी पांढरी रेघ जात असेल तर डॉट मॅट्रिक्सच्या हेडची एक पिन अडकली आहे. रिबनला शिक्क्याची शाई लावल्यानं हे होतं. रिबन नवीच घ्या.

विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. काट्याचं एक्सपी मशीन चालू द्या, पण त्याला नेट देऊ नका. पावत्या पेनड्राइव्हवर न्यायच्या तर तो एफएटी ३२ वर फॉर्मॅट करून घ्या. मोठे पेनड्राइव्ह एक्सफॅटवर येतात आणि मूळ एक्सपी ते ओळखत नाही.

हौशी मंडळींसाठी

झेडएक्स स्पेक्ट्रम हा ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर कुणाच्या घरात असेल (पुण्यातही परवान्याखाली ते तयार होत होते) तर अडॅप्टर जपून निवडा. त्याला ९ व्होल्ट डीसी लागतो आणि पिनचा मधला भाग ऋण असतो. राऊटरचा अडॅप्टर बहुधा त्याच्या उलट, वरून १२ व्होल्टचा. पिन बसते, म्हणूनच ते मरतं. जुना काचेचा मॉनिटर कुणीही घरी उघडू नये. पिक्चर ट्यूबच्या टोपीवर वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि बंद केल्यावरही तो राहू शकतो.

दुकानात आणताना

मॉनिटर, कीबोर्ड, माउस आणू नका, आमच्याकडे आहेत. कॅबिनेट आणि काटा किंवा प्रिंटर असेल तर त्याची केबल आणा. सुटी डिस्क थर्माकोलमध्ये नको, जाड कागदात आणि वर कापडात गुंडाळा, आणि एसटीत मांडीवर ठेवा. मशीनवर शेवटी कोण बसत होतं आणि पासवर्ड कोणाला माहीत आहे, हे विचारून या. बाजाराच्या दिवशी डिस्क जमा करून घेतो, तपासणी दुसऱ्या दिवशी होते.